फुटका तारा आणि विजेचा खांब

"अन् मिनू कुठी गेली वं इथून पुढं? एवढीशी होती तोवर दिसे, मंग दिसूनच नाही राहिली."

मिनू म्हणजे मीच, आणि मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. बोलणारी मोठ्याई होती, म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती दरवर्षी कुहीहून येते. पिशवीत घरच्या धानाचे पोहे, आणि दुसऱ्या दिवशी दीक्षाभूमीवर नेसायचं पांढरं लुगडं पेपरात गुंडाळलेलं. बैठकीत टीव्हीला मी पेन ड्राईव्ह लावून दिला होता आणि त्यावर आमच्या घरचे फोटो एकामागून एक येत होते.

"ते फोटो काढून राहिली न," आत्या म्हणाली.

"दरसाल?"

"दरसाल."

चहा एका कपात जरा जास्तच पडला आणि बशीत सांडला. तो कप मी स्वतःसाठी ठेवला.

ही गेल्या वर्षीची गोष्ट. आता पुन्हा तेच दिवस आलेत. दुपारचं ऊन मानेला टोचतं, पण संध्याकाळी गच्चीवर गेलं की वारा धुतल्यासारखा वाटतो. कूलर अजून कुणी खिडकीतून काढलेले नाहीत, पाणी भरणं मात्र सगळ्यांनी कधीच सोडलंय. हातगाड्यांवर सीताफळं आली आहेत आणि त्यांच्या शेजारी हिरवट, आंबट संत्री. ती सगळे नावं ठेवत खातात. आमच्या गॅलरीत पांढरे कपडे वाळताहेत. आईनं नीळ थोडी जास्त घातली आहे, तीही दरवर्षी घालते. बाबांच्या सदऱ्यावर आकाशाचा एक पुसट डाग पडतो आणि तो घालून ते दिवसभर खुशीत हिंडतात.

मला हा ऋतू आवडतो. का, असं कुणी विचारलं तर मी बहुधा खांदे उडवीन. लिहिताना तेवढ्यावर सुटका होत नाही.

सुरुवात आत्यापासून करायला हवी. आत्या गणिताची शिक्षिका होती. आता वयाआधीच निवृत्ती घेतलीय आणि आमच्याच घरी वरच्या खोलीत राहते. १९८७ साली ती दहावीला होती. परीक्षेच्या तोंडावर पेपरात बातमी आली, की दक्षिणेच्या आकाशात एक तारा फुटलाय आणि तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. आत्या पुस्तक मिटून गच्चीवर गेली. दक्षिणेला, दालमिलच्या पत्र्यांच्या जरा वर, एक मोठा तारा झगझगत होता. तिनं खाली हाक मारली, आणि बघता बघता सगळी गल्ली आमच्या गच्चीवर.

हा प्रसंग मी इतक्यांदा ऐकलाय, की तिथे मीही उभी होते असं मला वाटतं. एका बाईनं हात जोडले तेव्हा आजोबा म्हणाले, "हात काहून जोडतं? डोळे उघडून पाह्य." कुणीतरी विचारलं, "फुटला तर आवाज काहून नाही आला?" आजोबांनी क्षणभर विचार केला आणि सांगितलं, "लय दूर आहे. येऊन राहिला असंल." पुढे बरेच दिवस गल्लीतली माणसं संध्याकाळी आवाजाची वाट पाहत होती म्हणे.

तो अगस्त्य होता. शाबूत, धडधाकट, दर वर्षी त्याच वेळी त्याच जागी येणारा अगस्त्य. खरा फुटलेला तारा दक्षिणेला इतका खाली, की नागपूरहून तो क्षितिजाच्या वर येत नाही. हे मला कॉलेजात असताना कळलं. आत्याला कसं सांगावं म्हणून मी पुष्कळ दिवस गप्प राहिले आणि शेवटी भाजी निवडता निवडता सांगून टाकलं. आत्या इतकी हसली, की चष्मा काढून पुसावा लागला. "म्हणजे मी अख्ख्या गल्लीले अगस्त्यच दाखवला! अन् माये बाबा आवाजाची वाट पाहायले लावत होते!" हसणं थांबल्यावर ती म्हणाली, "मंग आता खरा दाखव मले. तुया त्या कम्प्युटरवर असंल न?"

होता की. एक फोटो नाही, ढिगानं होते. त्या ताऱ्याचे फोटो शास्त्रज्ञ तेव्हापासून काढतच आलेत. पृथ्वीवरून काढलेत, अवकाशातल्या दुर्बिणींतून काढलेत, आणि कुणालाही पाहता यावेत म्हणून ठेवून दिलेत. मी ते एकेक करून उतरवून घेतले.

मी लग्नाचे अल्बम बनवते. फोटो दुसऱ्यांनी काढलेले असतात, मी ते दिवसभर स्क्रीनवर जुळवत बसते. नवरीचा मिटलेला डोळा शेजारच्या फोटोतून आणून उघडायचा असेल, तर आधी दोन्ही चेहरे एकमेकांवर नीट बसवावे लागतात. न हललेलं काहीतरी शोधायचं, कानातलं, भिंतीवरचा खिळा, आणि त्यावर सगळं टेकवायचं. ताऱ्याच्या फोटोंतही तसंच केलं. त्या फुटलेल्या ताऱ्याच्या बाजूला दोन साधे तारे आहेत, ते जागचे हलत नाहीत. त्यांच्यावर सगळे फोटो टेकवले आणि बटण दाबत गेले.

आत्या माझ्या खुर्चीमागे उभी राहून पाहत होती. आधी नुसता प्रकाश. मग तो ओसरतो आणि भोवती एक पुसट कडं दिसतं. हे कडं तारा फुटला तेव्हाचं नाही. फुटायच्या हजारो वर्षं आधी ताऱ्यानंच अंगावरून झटकून टाकलेला वायू आहे तो. काही वर्षं काहीच होत नाही. मग कड्यावर एका जागी ठिणगी पडल्यासारखा एक ठिपका उजळतो, कारण स्फोटाची लाट तिथवर पोचलेली असते. मग दुसरा, मग आणखी, आणि मी शाळेत जायला लागले त्या सुमाराला सगळं कडं मण्यांच्या माळेसारखं पेटलेलं असतं. पुढे मणी हळूहळू मंद होतात. लाट कड्याच्या पलीकडे निघून गेलेली असते आणि बाहेर नवे, फिकट ठिपके दिसायला लागतात.

"पुन्हा लाव," आत्या म्हणाली. मी पुन्हा लावलं. तीनचारदा पाहून झाल्यावर ती म्हणाली, "मले वाटे तारा फुटला म्हणजे संपला. हा तर एवढ्या वर्षांपासून फुटूनच राहिला."

आणि मग, माझ्या खांद्यावर हात ठेवून, "आपलेही लाव न असेच."

आपले, म्हणजे घरचे फोटो. आत्या दहावी पास झाली त्या वर्षी आजोबांनी दसऱ्याला दीक्षाभूमीवर फिरत्या फोटोवाल्याकडून सगळ्या घराचा फोटो काढून घेतला. पुढच्या वर्षी पुन्हा, त्याच जागी. तिसऱ्या वर्षी जागा सापडेना, तर आजोबांनी विजेच्या एका खांबाची खूण धरली. तेव्हापासून तो रिवाजच झाला. पांढरे कपडे, डाव्या हाताला खांब, मागे घुमट, आणि सगळ्यांचे पाय दिसलेच पाहिजेत. पाय कशाला, असं आम्ही कधी विचारलं नाही. आजोबा स्वतः चपला शिवायचे, तेव्हा उत्तर सगळ्यांनी गृहीत धरलं असावं.

मी ते फोटो खांबावर टेकवले. पहिल्यात घुमट अर्धाच बांधलेला आहे, अंगभर परांची. आत्याला दोन वेण्या, बाबा हाफ पँटमध्ये, आजोबांची मान इतकी ताठ की पाहून आपली मान दुखावी. मग बटण दाबलं की घुमट थोडा वर चढतो. परांची निघते. बाबांना मिशा येतात. काकांशेजारी मोठ्याई उगवते, डोक्यावर पदर घट्ट धरून, मग आई. फोटोंचा रंग पिवळा पडत जातो आणि एकदम स्वच्छ होतो, कारण बाबांनी स्वतःचा कॅमेरा घेतलेला असतो आणि तो कुणा ना कुणा नातलगाच्या हातात असतो. आईच्या खांद्यावर एक गाठोडं दिसतं, ते मी. काही फोटो पुढे मी उभी आहे. पांढऱ्या झग्याखाली शाळेचे काळे बूट. इंग्रजी शाळेचे बूट फोटोत आले पाहिजेत असा आजोबांचा हट्ट होता. एका वर्षी आजोबा नाहीत. बरेच फोटो पुढे गेल्यावर काका नाहीत. खांब आहे तसाच.

आणि काकांच्याही आधी, मी बारा वर्षांची झाल्यापासून, मीही नाही.

कुणी मला बाहेर काढलं नव्हतं. मीच म्हणाले होते, "द्या, मी काढते." कॅमेऱ्यामागे कुणी आपल्याला काही विचारत नाही. शाळेत मला वाटायचं, माझं इंग्रजी घरचं आहे. आणि घरी वाटायचं, माझं मराठी शाळेचं आहे. चुलत भावंडं म्हणायची, "बोल न वं, का इंग्रजीत विचारू तुले?" मी हसायचे, कारण हसणं दोन्हीकडे चालतं. फोटो काढणाऱ्याला मात्र "जरा जवळ या" एवढंच म्हणावं लागतं, ते मला छान जमायचं. बाबा म्हणायचे, "मिनूचा हात स्थिर आहे." ते खरंच होतं, आणि मला त्याचा अभिमानही होता. एरवीही मी फोटोपासून लांबच असायचे. त्यामुळे पंधराव्या वर्षी मी नेमकी कशी दिसत होते, ते मला आता नीट आठवत नाही. दुसऱ्यांच्या मुलींचे डोळे उघडून देणाऱ्या माणसाला हे जरा विचित्रच वाटतं.

तर त्या संध्याकाळी मी चहा घेऊन बैठकीत गेले, तेव्हा घरचे फोटो संपून टीव्हीवर ताऱ्याचे लागले होते. मोठ्याईनं कप घेतला आणि थेट विचारलं, "हे काय होय?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं माहीत होतं, तरी ती शांतपणे बशीत चहा ओतत राहिली. शिक्षकांना हे छान जमतं. मग मीच सांगितलं. अडखळत सांगितलं, न्यूट्रॉन ताऱ्याला मराठीत काय म्हणतात ते मला तेव्हा आठवेना.

"बरं, फुटका तारा," मोठ्याई म्हणाली. "मंग मधात काय उरलं?"

शास्त्रज्ञ इतकी वर्षं नेमकं हेच विचारत होते. तारा कोसळला त्या वेळी त्याच्या पोटातून निघालेले सूक्ष्म कण पृथ्वीवर टिपले गेले होते, म्हणजे आत काहीतरी घट्ट, लहानसं उरलेलं असणारच. पण फोटोत ते कधी आलं नाही. मध्ये धूळ होती. आत्ता अलीकडे कुठे नव्या दुर्बिणीला मधला वायू एका ठरावीक प्रकारे उजळलेला दिसला. तो तसा उजळायचा, तर आत बसून कुणीतरी त्याला उजेड देत असलं पाहिजे. ते स्वतः अजूनही दिसलेलं नाही, असं मी सांगितलं.

"मधातलाच दिसत नाही?" मोठ्याई खो खो हसली. "आपल्या मिनूसारखा!"

मला ते फारसं आवडलं नाही. एक तर मी कुणाच्या मध्ये नसते. मी चार पावलं लांब, गर्दीचे धक्के खात उभी असते. माझं तोंड वाकडं झालं असावं. कारण आत्यानं रिमोट उचलला आणि घरचे फोटो पुन्हा लावले, या वेळी मी नसलेले.

"हे पाह्य," ती म्हणाली. "सगळे कोणाकडे पाहून राहिले?"

मी ते फोटो इतक्यांदा खांबावर टेकवले होते, आणि हे पाहिलंच नव्हतं. जुन्या फोटोंत सगळे फोटोवाल्यासमोर उभे असावेत तसे उभे आहेत, अटेन्शनमध्ये. मी कॅमेरा घेतला त्या वर्षापासून माना सैल पडल्यात. बाबा काहीतरी बोलताना अर्धवट तोंड उघडं. आई डोळ्यांनी सांगतेय, की ओढणी सांभाळ. काका त्यांच्या शेवटच्या फोटोत चक्क भुवया उडवून मला हसवायला बघतायत, आणि फोटो किंचित हललाय, म्हणजे मी हसले होते.

"म्हणजे मी आहेच की," मी म्हणाले. "पुरावा आहे."

"मले पुरावा नाही पाहिजे," आत्या म्हणाली. "मले तू पाहिजे. उद्या तूही उभी राह्य."

बाबा दारात उभे राहून ऐकत होते. "मंग काढंल कोण?"

इथून घरात खरी चर्चा सुरू झाली. सेल्फी बाद, कारण त्यात पाय येत नाहीत आणि खांबही येत नाही. टायमर बाद, कारण त्या गर्दीत फोन टेकवायचा कुठे. बाबा म्हणाले, "मी काढतो," तर आत्या म्हणाली, "मंग तू नाही. एक आला की एक गेला, तसं नाही चालत." कुणा अनोळखी माणसाला सांगायचं, तर आमच्या घरात त्याला बंदी होती. काकांचा मोबाईल एकदा गर्दीत गेला होता, तेव्हापासून बाबांचा कायदा होता, की फोन परक्या हातात द्यायचा नाही.

"कायदा मी मोडते," आत्यानं जाहीर केलं. "पण विचारंल मिनू. जिले फोटोत यायचं तिनंच विचारावं."

"आत्या, तू विचार ना."

"मी शिकवणं सोडलं आता."

मोठ्याईला हे फार आवडलं. "विचार वं माय. नाही तर मी आहोच, ओरडतो सगळ्या मैदानात, का आमच्या पोरीले फोटो पाह्यजे म्हणून!" ती हे खरंच करेल याबद्दल माझ्या मनात जराही शंका नव्हती.

सकाळी आम्ही निघालो. त्या दिवशी शहराचा तो सगळा भाग पांढरा होऊन जातो. रस्ते, पूल, दुभाजक, सगळीकडे माणसं. कुणी रात्रीच्या रेल्वेनं आलेले, कुणी ट्रकनं, कुणी चालत. पुस्तकांच्या स्टॉलसमोर सगळ्यात जास्त गर्दी असते आणि याचं बाहेरून आलेल्या माणसाला नवल वाटतं. आम्हाला वाटत नाही. मोठ्याईला वाचता येत नाही, तरी ती दरवर्षी एक पुस्तक घेते आणि कुहीला गेल्यावर सुनेकडून वाचून घेते. त्या दिवशी तिनं माझा हात धरून मला एका स्टॉलपाशी नेलं. "ताऱ्याचं आहे का?" तिनं विचारलं. मुलांसाठी लिहिलेलं एक पातळसं निघालं. ते तिनं छातीशी धरलं, फोटोसाठी.

मी चालता चालता मनात वाक्य जुळवत होते. प्लीज वापरू की नको. दादा म्हणू की भाऊ. मराठीत विचारलं आणि समोरचा मराठी नसला तर? हे सगळं एका साध्या प्रश्नासाठी चाललं होतं आणि मला स्वतःचं हसूही येत होतं.

खांब होता. त्याच्यावर त्या वर्षी कसलंसं फ्लेक्स बांधलं होतं, पण तोच खांब. आत्यानं सगळ्यांना ओळीत उभं केलं. बाबा, आई, ती, मोठ्याई. मोठ्याई आणि तिच्या मध्ये एक जागा मोकळी ठेवली. गर्दी त्या जागेतून वाहायला लागली. लोक "जयभीम" म्हणत तिथून आरपार जात होते आणि आत्या दोन्ही हात पसरून जागा धरून उभी होती.

माझ्यापासून थोड्या अंतरावर एक बाई मुलाला पाणी पाजत होती. पांढरी साडी, पाठीला सॅक, चपलांवर लांबची धूळ. मी तिच्याजवळ गेले आणि विचारलं. निदान मला तसं वाटलं. तिनं वर पाहिलंच नाही. मग माझ्या लक्षात आलं, की माझे फक्त ओठ हलले होते.

मी मागे वळून पाहिलं. फोन हातात धरून मी नेहमीच्या जागी उभी होते आणि ते सगळे नेहमीसारखे माझ्याकडे पाहत होते. त्या क्षणी फोन वर करून बटण दाबणं किती सोपं होतं. फोटोही चांगला आला असता. ऊन बाजूनं पडलं होतं, कुणाचेही डोळे मिटलेले नव्हते. आत्याचे हात दुखायला लागले असावेत, पण तिनं ते खाली घेतले नाहीत.

मी त्या बाईच्या अगदी समोर जाऊन उभी राहिले आणि फोन तिच्यापुढे धरला. आवाज इतका मोठा निघाला, की पाणी पिणारं मूल थांबलं आणि तिकडे बाबा एकदम हसले.

"ताई, आमच्या घरचा एक फोटो काढून द्या ना. सगळ्यांचे पाय आले पाहिजेत. मीपण आहे त्यात."